आधी दावण, मग गाय: दोन-चार जनावरांच्या घरी चाऱ्याची घडी कशी बसवावी

सातारा-सांगलीकडे दूधधंदा वाढवायचा म्हटलं की पहिली गोष्ट निघते ती नव्या गाईची. कर्ज काढायचं, बेंगलोरकडून 'वीस लिटरची' म्हणून गाय आणायची आणि घरच्या दावणीला बांधून तेच उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), तीच अंदाजाने पेंड घालायची. गाय दहा-बारा लिटरवर आली की व्यापाऱ्याने फसवलं म्हणायचं. कधी कधी त्याने फसवलेलं असतंही. पण बऱ्याचदा गाय चांगली असते आणि दावण जुनीच राहिलेली असते.

हा लेख अशा घरांना हाताशी धरून काम करणाऱ्यांसाठी आहे: दूध संस्थेचा सचिव, पशुसखी, रेतन करणारा पोरगा, गटाचा कार्यकर्ता, किंवा भाऊबंदांना चार गोष्टी पटवून द्यायची इच्छा असलेला शेतकरी. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. पाणी, कुट्टी (बारीक कापलेली वैरण) आणि क्षार आधी. मग गवत, मग मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा), मग मोकळा गोठा. नवी गाय सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टींना जमीन लागत नाही, कर्ज लागत नाही आणि त्यांचा फरक दहा दिवसांच्या दूधबिलात दिसतो. तो एकदा दिसला की माणूस पुढचं स्वतःहून विचारतो.

बोलायचं कुणाशी

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मेळावा घेतला तर समोर पुरुष बसतात. वैरण कापणारी, शेण काढणारी, धार काढणारी बाई त्या वेळी घरी असते. बापूंना योजना पटते, ते मान डोलावतात, आणि संध्याकाळी वहिनींना काहीच सांगत नाहीत. म्हणून गाठायचं ते संध्याकाळी डेअरीच्या रांगेत किंवा थेट गोठ्यावर, दोघंही असताना.

एका आळीतली पाच-सहा घरं निवडा, सगळं गाव नको. पहिलं घर मोठ्या बागायतदाराचं नको. त्याच्याकडे काही चांगलं घडलं की बाकीचे म्हणतात, 'त्यांचं काय, त्यांच्याकडं पैसा हाय.' दोन गाई, पाऊण एकर आणि शब्दाला वजन असलेली एखादी काकी सापडली तर तिथून सुरुवात करा. फुकट काही वाटू नका. फुकट आलेली क्षार मिश्रणाची पिशवी फळीवर पडून राहते. निम्मे पैसे देऊन घेतलेली रोज उघडली जाते.

पहिले दहा दिवस: ताणकाटा आणि पाणी

"आबा, गाईला रोज वैरण किती घालता?"

"घालतो की दोन भारं."

भारा कुणाचा पंधरा किलोचा, कुणाचा तीसचा. म्हणून पहिल्या भेटीला ताणकाटा घेऊन जावं आणि एक दिवस सगळं वजन करायला लावावं: सकाळी टाकलेलं, संध्याकाळी टाकलेलं आणि दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेलं चघळ. हे उरलेलं वजन करताना घरातलं माणूस स्वतः काटा धरेल असं बघा. अख्खं वाढं किंवा जून झालेलं गवत टाकणाऱ्या घरी पायाखाली तुडवलेली आणि गव्हाणीत सोडलेली वैरण एका ढिगात आली की काही बोलावं लागत नाही. कुट्टी मशीनचा विषय तिथेच निघतो. दोन गाईंसाठी एकट्याने मशीन घेण्यापेक्षा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक घेतलेलं परवडतं. फक्त ते कुणाच्या अंगणात राहणार आणि वीजबिल कोण भरणार हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर मशीनपेक्षा भांडणाचाच आवाज जास्त येतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणी असतं. दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बांधलेल्या गाईला आपण दोन वेळा बादली दाखवतो आणि 'तिला तहानच नाही' म्हणतो. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप उभं मधोमध कापलं की दोन हौद होतात. ते गाईच्या तोंडाशी सावलीत ठेवायचे, आठवड्याला घासून आतून चुना लावायचा. काही दिवसांतच दुधात फरक जाणवतो. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आणि लिटर लिहिलेली जुनी-नवी बिलं शेजारी ठेवून तो दाखवा.

वाढ्याची गोष्ट

वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, सगळा ऊसपट्टा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्याची धुराडी पेटली की मार्चपर्यंत वाढ्याला तोटा नसतो. तोडकऱ्यांकडून पेंढ्या घ्यायच्या आणि टाकायच्या. पोट भरतं, म्हणून कुणाला त्यात खोट दिसत नाही. खोट अशी की वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात प्रथिनंही कमी. चार-पाच महिने निव्वळ वाढ्यावर राहिलेली गाय हळूहळू आटत जाते, माजावर नीट येत नाही, रेतन केलं की उलटते, म्हणजे गाभ राहत नाही. शेतकरी तोवर डॉक्टर बदलत असतो.

वाढं बंद करा असं सांगू नका. कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये, इतका स्वस्त चारा दुसरा नाही. सांगायचं ते एवढंच की हिरव्या वैरणीत वाढं निम्म्याच्या आत ठेवा, कुट्टी करून कडब्यात किंवा भुसकटात मिसळा आणि रोज ५० ते १०० ग्रॅम क्षार मिश्रण व ३०-४० ग्रॅम मीठ चुकवू नका. काहीजण वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. हरकत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. वाढं ताजं असतानाच कुट्टी करून त्याचा मुरघासही घालता येतो. हंगामात बांधावर वाळून जाणारं वाढं बघितलं की हे कोणी का करत नाही, असं मला दरवर्षी वाटतं.

पेंडीचा हिशेब सोपा आहे: शरीर चालवायला एक-दीड किलो, वर गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५००. दहा लिटरच्या गाईला हिशेबाने साडेपाच किलो होते. लसूणघास किंवा दाणे भरलेल्या मक्याचा मुरघास असेल तर त्यातली एखादी किलो वाचते. वाचलेली ती किलोभर पेंड म्हणजेच चाऱ्याच्या शेतीचा नफा. तुमच्या गावच्या भावाने वर्षाचा आकडा काढून दाखवा. बुरशी आलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ देऊ नका.

एका गुंठ्यापासून

'चाऱ्याला दहा गुंठे सोडा' म्हटलं की ऊसवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून एक गुंठा मागायचा. विहिरीच्या थारोळ्याजवळचा, गोठ्याचं पाणी जिथे वाहत जातं तिथला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. संकरित नेपियर गवत तीन फूट बाय दोन फुटांवर लावलं तर साधारण १८० कांड्या बसतात. तीन महिन्यांच्या खोडाची, दोन-तीन डोळ्यांची कांडी घ्यावी. लावण जून-जुलैत किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. राहुरी विद्यापीठाचं फुले जयवंत किंवा यशवंत, बायफचं बीएनएच-१०, कोइमतूरचं को-४ किंवा को-५, यातलं जे जवळ मिळेल ते चालेल. बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात बेण्याची चौकशी करावी. मोबाईलवर 'बुलेट', 'सुपर' अशा नावांनी एकेक डोळा महागात विकला जातो. त्यापायी पैसे घालवू नका. दोन जातींतल्या फरकापेक्षा कापणीच्या वेळेचा फरक कितीतरी मोठा असतो.

आणि चुकतं ते नेमकं तिथेच. गवत माणसाच्या डोक्यावर गेलं की जोरात आलं म्हणून सगळे खूश, पण खोड लाकूड झालेलं असतं. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दर ४५-५० दिवसांनी, जमिनीपासून अर्धा फूट ठेवून. प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला अर्धा किलो युरिया आणि पाणी. वर्षातून एकदा शेणखत. नीट सांभाळलेला गुंठा वर्षाला दीड-दोन टन देतो, म्हणजे दिवसाला चार-पाच किलो. एका गाईला रोज १५ ते २० किलो हिरवं हवं, तेव्हा गाईमागे चार-पाच गुंठे. हे गणित शेतकऱ्यालाच पाटीवर मांडू द्या. एका गुंठ्याने गाय जगत नाही हे त्याला पहिल्या कापणीतच कळतं, आणि पुढचे तीन गुंठे तो न सांगता लावतो.

नेपियर एकटंही पुरत नाही. त्यातही ऑक्झलेट आहेच आणि प्रथिनं बेताची. जोडीला द्विदल लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूणघास, आरएल-८८ सारखी जात, गुंठ्याला तीनशे ग्रॅम बी. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, नंतर महिन्याभराने एकेक, आणि नीट राखला तर तीन वर्षं तोच वाफा चालतो. ओला घास उपाशी जनावराला पोटभर कधी घालू नये, पोट फुगतं. कडब्याच्या कुट्टीत मिसळून चार-पाच किलो पुरे. खरिपात चवळी मक्यात किंवा ज्वारीत आंतरपीक म्हणून टाकता येते. चाऱ्याची ज्वारी मात्र फुलोऱ्याआधी कापू नये. कोवळ्या ज्वारीने किराळ लागून (विषबाधा होऊन) जनावर तासाभरात दगावतं, पाण्याचा ताण बसलेल्या पिकात तर धोका अधिक.

बेण्याची उसनवारी लावून द्या. पहिल्या घरातून दुसऱ्या घराला कांड्या फुकट, पण अट अशी की पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने तिसऱ्या घराला दुप्पट द्यायच्या. यात अनुदान लागत नाही आणि गवत कसं लावायचं हे बेण्यासोबत आपोआप जातं. बांधावर नेपियर लावताना जपून: ते उंच वाढतं, शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडते, आणि बांधावरून आपल्याकडे काय काय होतं ते सांगायला नको. सामाईक बांधाला मारवेल गवत बरं.

सगळीकडे एकच मात्रा चालत नाही

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथे बारमाही गवताचा आग्रह धरू नका. तिथला आधार रब्बीच्या मालदांडी ज्वारीचा कडबा. त्याची कुट्टी, क्षार मिश्रण आणि बांधाला शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास ही त्रयी बसवावी. मिरज पूर्व भागात पानमळ्याला शेवरी असतेच. तिचा पाला शेळ्यांइतकाच गाईलाही चालतो. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पाण्याचं आवर्तन मिळतं त्या शिवारात एका आवर्तनाच्या हिशेबाने मका घेऊन मुरघास भरून ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं. २०१२-१३ आणि २०१८-१९ ला दुष्काळी चारा छावणीत जनावरं घेऊन राहिलेल्या माणसाला हे एका वाक्यात पटतं. खिल्लार पाळणाऱ्याला लिटरचं गणित सांगू नका. ती गाय वेगळ्या कामाची आणि वेगळ्या पोटाची आहे.

पाटण, जावळी, शिराळ्याला उलटं. श्रावण-भाद्रपदात डोंगर हिरवागार, पण गवत कापतात ते दिवाळीनंतर वाळून काडी झाल्यावर. फुलोऱ्यात कापून वाळवलं तर त्याच गवतात सत्त्व राहतं. उघडीप मिळणं अवघड, हे मान्य. भाताच्या पिंजरावर युरिया प्रक्रिया करता येते: १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून कागदाने हवाबंद झाकायचं आणि २१ दिवसांनी उघडायचं. घालण्याआधी काही तास वारा लागू द्यावा, सुरुवात थोड्याने करावी. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नये. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी गेलं तर ते मरतं, त्यामुळे ही प्रक्रिया पहिल्यांदा तुमच्या समोरच करून घ्या.

मुरघास: पिशवी भरायचा दिवस

दोन गाईंच्या घराला खड्डा किंवा बांधीव हौद नको. रोज ३० किलो काढायचा असेल तर मोठी टनाची पिशवी उघडल्यावर महिनाभर चालते आणि वरून हवा लागून खराब होत जाते. पन्नास किलोच्या पिशव्या भरायला कटकटीच्या, पण दीड-दोन दिवसांत एक संपते, वाया काही जात नाही.

आफ्रिकन टॉल मका, दहा गुंठ्यांना साडेसात किलो बी. उन्हाळ्याची तजवीज करायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत पोंगा उघडून बघायचा, लष्करी अळी तिथेच बसलेली असते. फवारणी केलीच तर डब्यावर लिहिलेले दिवस सोडून कापायचं. दहा गुंठ्यांत चार-पाच टन हिरवा मका निघतो. रोज पंधरा किलोने एका गाईला नऊ-दहा महिने.

कापायची वेळ दाणा सांगतो. नखाने दाबल्यावर पातळ दूध उडालं तर अजून थांबा, घट्ट चीक आला की कापा. कणीस मोडून विकायचा मोह होतो. तो आवरा, ताकद त्या दाण्यातच आहे. कुट्टी अर्धा ते पाऊण इंच. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडायची: बोटांतून पाणी गळलं तर मका ओला आहे, अर्धा दिवस सुकवा, गोळा लगेच विस्कटला तर उशीर झालाय, गोळा राहून हळूहळू उमलला तर हीच वेळ. पिशवीत वीतभर थर टाकायचा की घरातलं हलकं माणूस आत उभं राहून तुडवणार, आधी कडा मग मध्य. बहुतेक पिशव्या कोपऱ्यांतून सडतात, कारण पाय मधेच नाचतात. तोंड पिळून, हवा काढून, दोरीने दोनदा बांधायचं. कापणी आणि भरणी एकाच दिवसात संपली पाहिजे, म्हणून या दिवशी आळीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे सावड करावी. मक्याला गूळ, मीठ, पावडर काही लागत नाही.

पिशव्या उंदरांपासून लांब, सावलीत. ४५ दिवसांनी उघडायची. पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस सुवास असेल तर जमलं. काळपट, चिकट, बुरशीचा भाग उकिरड्यावर. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून गाभण गाईला घालू नये. पहिल्या दिवशी दोन किलो आणि आठ-दहा दिवसांत पंधरापर्यंत. चाऱ्यातला कुठलाही बदल असाच हळू करायचा.

मोकळा गोठा

फलटण भागात मुक्त संचार गोठे, म्हणजे गाई न बांधता कुंपणात मोकळ्या सोडायचे गोठे, चांगलेच रुजलेत. जमलं तर आळीतल्या बायकांना घेऊन एक दिवस बघून या. बघितल्याशिवाय हे पटत नाही, कारण मनात धास्ती असते की गाई मारामारी करतील. पहिले दोन-तीन दिवस करतातच, मग आपापलं ठरवून घेतात. गाईमागे छपराखाली ४० आणि उघड्यावर ८० चौरस फूट जागा, जास्त असेल तर उत्तमच. जाळी महाग वाटली तर बांबू किंवा जुने पाइप. जमीन मुरमाची, उताराची. मध्ये झाड असेल तर निम्मं काम झालं. पाणी चोवीस तास. पावसाळी पट्ट्यात निचरा नसेल तर हे करू नका, चिखलात खुरं आणि कास दोन्ही जातात.

घरात हे पटवताना लिटर सांगू नका, वेळ सांगा. रोज दोनदा शेण भरणं आणि गोठा धुणं वाचतं, हे ज्या बाईला सांगाल ती नवऱ्याकडून जाळी आणवून घेते. धार काढल्यावर सड जंतुनाशकात बुडवायचे आणि गाईला अर्धा तास वैरणीवर उभं ठेवायचं, लगेच बसू द्यायचं नाही. कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो तिथूनच सुरू होतो.

भिंतीवरची तारीख

नोंदवही कुणी ठेवत नाही. कॅलेंडरवर खूण करतात. मग कॅलेंडरच वापरा: व्याली ती तारीख, माज, रेतन, आणि रेतनानंतर २१ व्या दिवसाभोवती गोल. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गाय बघायचीच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. सोट (माजाचा स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ असेल तर रेतन नको, आधी उपचार. तीनदा उलटली की रेतनाची चौथी कांडी भरण्याआधी डॉक्टरकडून तपासणी. अडीच-तीन महिन्यांनी गाभ तपासून घ्यायचा आणि व्यायच्या ६० दिवस आधी गाय आटवायची, म्हणजे धार काढणं थांबवायचं. आटवताना जीव तुटतो, पण त्या दोन महिन्यांतच पुढच्या वेताची कास भरते.

वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक, त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पहिल्या दिवसात. वार पडायची वाट बघत वासराला उपाशी ठेवण्याची रीत अजून आहे, ती मोडा. लसी तर ठरलेल्या आहेत: लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्या पावसाळ्याआधी, कालवडीला चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलाची एकदाच, आणि २०२२ नंतर लम्पीची दरवर्षी. कानात बिल्ला नाही म्हणून कुणी मागे राहिलं नाही ना, तेवढं बघा.

आता गाय

एवढं बसायला वर्ष-दीड वर्ष जातं. दरम्यान घरचीच कालवड मोठी होत असते, आणि बऱ्याच घरी बाहेरून गाय आणायचा विषय मागे पडतो. ज्यांना आणायचीच आहे त्यांनी दारात मुरघास शिल्लक असताना, दिवाळीच्या आसपास आणावी. एप्रिलच्या उन्हात लांबचा प्रवास करून आलेली गाय सावरता सावरता वेत संपतं. सलग तीन धारा स्वतः समोर बसून बघायच्या, कारण एक वेळचं दूध तुंबवून दाखवता येतं. चारही सड हाताने तपासायचे. ब्रुसेला आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून वेगळी बांधायची, आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात आपल्या नावावर करून घ्यायचा.